सिंक बदलायला घेतलं आणि ओटाच उचलावा लागला: आता काम कुठे थांबवायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कोथरूडमधली 1991 सालची इमारत, दुसरा मजला, आठ बाय नऊचं स्वयंपाकघर. सिंकखालच्या कपाटात ओल आणि कुबट वास यायला लागला, म्हणून सिंक आणि नळ बदलायचं ठरलं आणि 20 हजार रुपये बाजूला काढले. प्लंबरनं जुना नळ फिरवला तर भिंतीतल्या जीआय पाइपाचे आटेच मोडून हातात आले. सिंक काढताना खालचा कडप्पा पिचलेला निघाला. पाइप बदलायचा तर टाइल फुटणार आणि तशी टाइल आता कुठेच मिळत नाही. भिंत उघडतेच आहे तर वायरिंगही करून घ्या, असं इलेक्ट्रिशियनचं म्हणणं. सुतार म्हणाला, एवढं करताय तर मॉड्युलरच करा आणि फरशीही बदला. आकडा 3 लाख 60 हजारांवर गेला. घरात 74 वर्षांच्या सासूबाई आहेत, गौरी-गणपती दोन महिन्यांवर आलेत, आणि तुम्ही दोन गोष्टी विचारताय: ही माणसं आपल्याला फसवतायत का, आणि थांबायचं कुठे?

मी सिव्हिल इंजिनिअर आहे आणि 24 वर्षं पुण्यात जुन्या फ्लॅटच्या दुरुस्तीचीच कामं करते आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं की प्लंबर खोटं बोलत नाहीये. इलेक्ट्रिशियनही बहुतेक खरंच सांगतोय. सुताराचं म्हणणं मात्र वेगळ्या जातीचं आहे. हा फरक नीट कळला की दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातूनच निघतं, म्हणून तो जरा खोलात जाऊन सांगते.

त्या काळात ओटा कसा बांधत, ते आधी पाहू. कडप्प्याच्या उभ्या फळ्या भिंतीत खाचून बसवायच्या, त्यावर आडवा कडप्पा, वर सिमेंटचा थर आणि त्यावर ग्रॅनाइट. सिंकसाठी दगडात भोक पाडलेलं. ग्रॅनाइटची मागची कड भिंतीला लागायची आणि डॅडोच्या, म्हणजे ओट्यामागच्या भिंतीवरच्या, टाइलची सगळ्यात खालची ओळ त्या ग्रॅनाइटवर टेकलेली असायची. नळाचा पाइप त्याच टाइलमागच्या भिंतीत. म्हणजे सिंक, दगड, टाइल आणि पाइप या चारही गोष्टी एकमेकींच्या आधारानं उभ्या आहेत. सिंक सोडवायला गेलं की दगड हलतो, दगड उचलला की टाइलची खालची ओळ जाते आणि पाइपाला हात लावला की वरच्या दोन ओळी जातात. तुमच्या घरात 20 हजारांचं काम मुळात नव्हतंच. फक्त ते भिंत उघडेपर्यंत कोणाला दिसत नव्हतं.

पाइपाचं सांगते. जीआय पाइप लोखंडी, त्यावर जस्ताचा मुलामा. पाइप जोडायला आटे पाडतात तेव्हा तिथला मुलामाही जातो आणि जाडीही कमी होते, म्हणून गंज पहिल्यांदा धरतो तो आट्यांवर. आतून गंजाचे थर बसत बसत अर्ध्या इंचाच्या पाइपात पेन्सिल जाईल एवढंच भोक उरलेलं मी पाहिलंय. अशा पाइपावर पाना लावला की तो पीळ पुढच्या एल्बोपर्यंत, म्हणजे काटकोनी सांध्यापर्यंत, जातो. म्हणून ‘मोडला तेवढाच तुकडा बदला’ असं सांगू नका. नवीन तुकड्याचा जोर शेजारच्या जुन्या सांध्यावर येतो आणि सहा महिन्यांनी नवी टाइल फोडायची पाळी येते. प्लंबरला कापलेल्या पाइपाचा तुकडा मागा, उजेडाकडे धरून आत बघा. आतली गोलाई निम्म्यावर आलेली असेल तर स्वयंपाकघराची पूर्ण लाइन बदलायची, डक्टमधल्या, म्हणजे इमारतीचे उभे पाइप जातात त्या पोकळीतल्या, व्हॉल्व्हपर्यंत. नवीन लाइन सीपीव्हीसीची, म्हणजे प्लास्टिकच्या पाइपाची, घ्या. जुन्या लोखंडी पाइपाला ती जोडायची जागा मात्र भिंतीत गाडू नका. तो सांधा पितळी आट्याच्या जोडणीनं करून घ्या आणि डक्टमध्ये किंवा ओट्याखाली, हात पोचेल अशा ठिकाणी ठेवा.

आता इथेच तुमचा बराच खर्च वाचवता येतो, आणि प्लंबर हे आपणहून सहसा सुचवत नाहीत. नळ भिंतीतून काढण्याऐवजी ओट्यावर बसवायचा घ्या, उभा, हंसाच्या मानेसारखा. मग पाइपाला ओट्याच्या वर चढायचं कारणच उरत नाही. सगळी लाइन ओट्याखालून जाते, पाणी बंद करायचे छोटे अँगल कॉक तिथेच लागतात, वॉटर प्युरिफायरची जोडणीही तिथूनच निघते. पुढे काही गळलं तर दार उघडून दिसतं. आणि डॅडोच्या ज्या वरच्या टाइल तुम्हाला वाचवायच्या आहेत, त्या जागेवर राहतात. खालची फुटलेली ओळ झाकायला त्याच ग्रॅनाइटची सहा इंची पट्टी भिंतीला उभी लावायची. पाणी मागे उतरू नये म्हणून अशी पट्टी मी नव्या कामातही लावून घेते, त्यामुळे ती जोडकाम वाटत नाही. तुमच्या टाइल आठ बाय आठच्या असतील, तर पट्टीच्या वर उरणाऱ्या दोन इंचांसाठी ती आठ इंची करून घ्या. दगड तसाही कापूनच येणार आहे.

वायरिंगबद्दल इलेक्ट्रिशियनचं म्हणणं आकड्यांत तपासा. इंडक्शन शेगडी 2000 वॅटची असेल तर ती 230 व्होल्टवर जवळजवळ 9 अँपिअर ओढते. मायक्रोवेव्ह साधारण 6, मिक्सर 3 च्या थोडा वर. तिन्ही एका वेळी चालले तर 18 अँपिअर, आणि फ्रिज वेगळाच. 1991 साली स्वयंपाकघरात मिक्सरसाठी एक आणि फ्रिजसाठी एक पॉइंट काढत, तेही बहुतेक वेळा एकाच सर्किटवर. आजच्या भारानं त्या तारा गरम होतात, इन्सुलेशन कडक होऊन तडकतं, आणि हे सगळं भिंतीच्या आत होत असतं. तुमच्या घरी सॉकेट हाताला कोमट लागत असेल किंवा त्याची पांढरी प्लेट पिवळी-तपकिरी पडली असेल, तर हे काम पुढे ढकलू नका. ओट्यावरच्या पॉइंट्ससाठी 2.5 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेची दोन वेगळी सर्किटं, प्रत्येकाला 16 अँपिअरची एमसीबी, म्हणजे जादा भार आला की वीज तोडणारा स्विच, आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. ओल्या हातानं स्विच दाबायची खोली आहे ही. घरात म्हातारं माणूस आहे. आरसीसीबीवर काटकसर करू नका. आणि अर्थिंग खरोखर आहे का, तेही तपासून घ्या. जुन्या घरांत सॉकेटला तिसरं भोक असतं, मागे तार नसते.

आता सुताराकडे येते. त्याच्या सूचना वाईट नाहीत, पण त्यांचा भिंतीशी काही संबंध नाही. ट्रॉल्या, शटर, वरची कपाटं, हॉब म्हणजे ओट्यात बसवायची शेगडी, चिमणी, हे सगळं दोन वर्षांनी दिवाळीच्या बोनसमधून केलं तरी एकही टाइल फुटणार नाही. माझी फूटपट्टी हीच आहे. जे करायला तोडफोड लागते ते भिंत उघडी असताना उरकायचं आणि जे स्क्रूनं बसतं ते बिनधास्त पुढे ढकलायचं. तुमच्या अंदाजपत्रकातले आकडे या पट्टीनं वेगळे केले. 1 लाख 90 हजार ट्रॉल्या, शटर, हॉब आणि चिमणीचे. 62 हजार फरशीचे. उरतात 1 लाख 8 हजार, त्यात प्लंबिंग, वायरिंग, कडप्पा, ग्रॅनाइट, सिंक, डॅडोची दुरुस्ती आणि राडारोडा उचलणं. हे खरं काम. 20 हजारांच्या पाचपटींहून जास्त आहे, हे मला दिसतंय, पण यातलं काही गाळा असं मी प्रामाणिकपणे सांगू शकत नाही. यावर आणखी 25-30 हजार वेगळे ठेवा आणि ते आहेत हे कोणत्याही कारागिराला सांगू नका. भिंत अजून पूर्ण उघडलेली नाही.

फक्त, ट्रॉल्या उद्या येणार असतील तरी त्यांची जागा आज ठरते, एवढं विसरू नका. ट्रॉलीच्या जाळ्या ठरावीक मापातच मिळतात: रुंदी 15, 17, 19, 21 इंच आणि खोली 20 इंच. कडप्प्याच्या दोन उभ्या फळ्यांमधलं अंतर गवंड्यानं अंदाजानं ठेवलं, तर नंतर सुतार फळी तरी कापतो किंवा मधे निम्मा फूट जागा वाया घालवतो. म्हणून ओटा बांधण्याआधी कुठे काय येणार ते कागदावर काढा आणि फळ्यांची मापं त्यावरून द्या. जाळीला दोन्हीकडून चॅनल बसायला थोडी मोकळीक लागते, ती सुताराला विचारून धरा. त्याला आज काम दिलं नाही तरी तासाभराच्या मोजमापाचे पैसे द्या. ते पैसे वाया जात नाहीत. तसंच चिमणीचं. चिमणी नंतर घ्या, पण तिचा पॉइंट आणि सहा इंची नळकांड्याची वाट आताच ठरवा. खिडकीवर बीम असेल तर त्याला भोक पाडायचं नाही, कोणी कितीही ‘छोटंसंच आहे’ म्हणालं तरी. खिडकीची एक काच काढून तिथे ॲल्युमिनियमचा पत्रा बसवला आणि त्यातून नळकांडं काढलं, की बीमलाही धक्का नाही आणि भिंतही शाबूत. डिशवॉशर कधी घ्याल असं वाटत असेल तर सिंकशेजारी एक जादा अँगल कॉक, निचऱ्याला एक तोंड आणि वायरसाठी रिकामा पाइप टाकून ठेवा. आज किरकोळ खर्च आहे, नंतर पुन्हा ग्राइंडर लावावा लागेल.

फरशीबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण स्वयंपाकघराचं काम हाताबाहेर जातं ते बहुधा फरशीपाशी.

साधारण 2009 ची गोष्ट. एरंडवण्यात एका निवृत्त जोडप्याकडे ओट्याचं काम घेतलं होतं. चार दिवसांत ओटा निघाला, पाइप बदलून झाले. काका म्हणाले, धूळ एकदाच होऊ दे, फरशीही आत्ताच बदलून टाकू. मी हो म्हटलं. ब्रेकरनं जुनं मोझॅक काढताना हादरे बसले ते शेजारच्या धुण्याभांड्याच्या बाल्कनीपर्यंत. तिथल्या ब्रिकबॅट कोब्याला, म्हणजे पाणी अडवणाऱ्या विटांच्या तुकड्यांच्या थराला, उंबऱ्याखाली चीर गेली, ती वरून दिसली नाही. आम्ही छान नवी फरशी बसवली. तीन आठवड्यांनी खालच्या घरातून निरोप आला की छतातून पाणी ठिबकतंय. मग बाल्कनी तोडली, नवा कोबा, वॉटरप्रूफिंग, पाणी साठवून दोन दिवस तपासणी, खालच्यांचं छत रंगवून देणं. पाच आठवड्यांचं काम अकरा आठवड्यांवर गेलं. काकू तोवर बेडरूममध्ये एका शेगडीवर स्वयंपाक करत होत्या आणि एका शब्दानं मला बोलल्या नाहीत. तो ‘हो’ माझा होता आणि खालच्या छताचा खर्च मी भरला, पण त्यांचे ते अडीच महिने भरून देता आले नाहीत.

तेव्हापासून, ओट्याच्या कामात फरशीला हात लावायचा नाही असा मी नियम केलाय. तो मोडायची दोनच कारणं मानते. एक, खालच्या घराच्या छतावर आधीपासून ओलीचा डाग असणं. दोन, फरशीवरचं पाणी नहाणीकडे, म्हणजे निचऱ्याच्या जाळीकडे, न जाता ओट्याखाली साचणं. तुम्ही दोन्हींपैकी काहीच लिहिलेलं नाही. पण आज संध्याकाळी पहिल्या मजल्यावर जाऊन, विचारून, त्यांच्या स्वयंपाकघराचं छत स्वतःच्या डोळ्यांनी बघून या. सोबत फोटो काढून ठेवा. काम सुरू होण्याआधीची त्यांच्या छताची स्थिती तुमच्याकडे असेल तर नंतर वाद होत नाहीत. डाग नसेल तर 62 हजार वाचले. फरशी फक्त जुनी दिसते म्हणून बदलायची असेल, तर पुढे कधीतरी जुन्यावरच ॲडेसिव्हनं टाइल बसवता येते. उंची दीडएक सेंटिमीटर वाढते, दाराची खालची कड तासावी लागते, पण स्लॅबपर्यंत धक्का जात नाही. त्याआधी प्रत्येक फरशी ठोकून बघायची. पोकळ वाजली तर तिच्यावर काही बसवू नये.

गॅसचं थोडक्यात सांगते. पाइप गॅस असेल तर त्याची लाइन हलवणं हे कंपनीच्या अधिकृत माणसाचं काम आहे, तुमच्या प्लंबरचं नाही. त्याची तारीख आजच मागून घ्या, कारण तिच्यासाठी सगळं काम अडून बसतं. सिलिंडर असेल तर तो ठेवायच्या कप्प्याच्या दाराला खालच्या बाजूला जाळी हवी. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. पाइपातला नैसर्गिक गॅस हलका, तो वर जातो, त्यामुळे तिथे वरच्या झरोक्याला महत्त्व. सुंदर बंद शटरच्या मागे लागून लोक हे विसरतात.

सोसायटीला पत्र द्या, राडारोड्याच्या गोणी कुठे ठेवायच्या आणि ग्राइंडर किती ते किती वाजेपर्यंत चालवायचा ते लेखी घ्या. टाकीची लाइन बंद करायचा दिवस वरच्या-खालच्यांना आदल्या संध्याकाळी सांगा.

पैशाच्या बाबतीत माझ्याकडे एकच जुनी सवय आहे आणि तिनं माझे ग्राहकांशी संबंध टिकवलेत. दोनशे पानी वही ओट्याजवळ खिळ्याला टांगायची. ठरलेल्या कामाबाहेरचं काहीही निघालं की तारीख, काय निघालं, दर काय, किती वाढलं आणि दोघांच्या सह्या, त्याच दिवशी, हात लावायच्या आधी. ‘नंतर बघू ताई’ या तीन शब्दांत शेवटच्या दिवसाचं भांडण असतं. दर रनिंग फुटाचा की चौरस फुटाचा, मालासकट की मजुरीचा, जीएसटी धरून की सोडून, हे लिहा. ग्रॅनाइटच्या कडेचं मोल्डिंग आणि सिंकचं कटिंग दरात आहे की वेगळं, तेही विचारा, कारण ते बहुतेक वेळा वेगळं निघतं. शेवटचे 10 टक्के काम संपल्यावर आठ दिवसांनी द्यायचे, हे सुरुवातीलाच सांगा. सिंक तुडुंब भरून एकदम सोडला आणि खाली कोरडं राहिलं, हे आठ दिवस पाहिल्यावर.

कामाचा क्रमही धरून ठेवा. तोडणं, झिऱ्या मारणं म्हणजे पाइपांसाठी भिंतीत खाचा पाडणं, पाइप, वायरचे पाइप, गॅसची वाट, मग पाण्याच्या लाइनची प्रेशर टेस्ट, आणि त्यानंतरच गिलावा. सीपीव्हीसीचे सांधे पूर्ण सुकायला एक दिवस जाऊ द्या. मग हातपंपानं दाब देऊन काटा दोन तास जागेवर राहतो का, ते तुमच्या समोर दाखवायला सांगा. गवंडी घाई करेल, त्याची दुसरी साइट असते. तरी टेस्टआधी गिलावा नको. आणि गिलाव्याआधी उघड्या भिंतीला मोजपट्टी लावून फोटो काढा: पाइप कोपऱ्यापासून किती इंचांवर, वायर किती उंचीवर. दोन वर्षांनी सुतार ड्रिल घेऊन येईल तेव्हा हे फोटोच कामी येतील.

एवढ्या कामाला तीन आठवडे लागतात. पावसाळ्यात गिलावा सुकायला वेळ जातो, आणि गणपतीच्या आठवडाभर आधी कोकणातले कारागीर गावी निघतात. म्हणून येत्या आठ दिवसांत सुरू होत असेल तरच आत्ता करा. नाहीतर प्लंबरला पाइपाचं तोंड प्लगनं बंद करायला सांगा, बाल्कनीतल्या नळावर भांडी घासा आणि दसऱ्यानंतर सुरुवात करा. अर्धा ओटा उचललेल्या घरात गौरी बसवायची वेळ येऊ देऊ नका. कामाच्या दिवसांत सासूबाईंची खोली सगळ्यात आधी सांभाळा. दाराला ओलं चादरीचं कापड लावलं तर धूळ अडते. त्यांना दमा असेल तर तोडफोडीचे तीन दिवस त्यांनी नातेवाइकांकडे राहिलेलं उत्तम.

एका गोष्टीवर मात्र तुम्ही मूळ बेतापेक्षा जास्त करावं असं मला मनापासून वाटतं, आणि ती अंदाजपत्रकात नाहीये. ओट्याची उंची. तीस वर्षं गवंड्यानं दिलेल्या उंचीवर तुम्ही आणि सासूबाई कणीक मळताय. ओटा उचललाच आहे, तर ती बदलायला जवळपास काही जास्त लागत नाही, आणि पुढे ती कधीच बदलता येणार नाही. तुम्ही दोघी घरात वापरता त्या चपला घालून भिंतीशी उभ्या राहा, कोपर काटकोनात वाकवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा. त्यातून चार ते सहा इंच वजा करा. पाच फुटांच्या आसपासच्या बाईला हे 32 ते 34 इंच येतं. दोघींच्या मापात फरक असेल तर जी रोज जास्त वेळ उभी राहते तिचं माप घ्या. सासूबाई बसून भाजी निवडत असतील तर त्यांच्यासाठी एका टोकाला गुडघे आत जातील अशी मोकळी जागा सोडा. मग गवंड्याला लाइनदोरीनं ती उंची भिंतीवर मारायला सांगा, दोघी त्या रेघेशी उभ्या राहून लाटणं फिरवल्यासारखं करून बघा, आणि तुम्ही दोघी हो म्हणेपर्यंत कडप्पा कापू देऊ नका.